रद्द झालेली वाटणी

नागपूरला भाचीचं बारसं आटोपून वैजयंती भोपाळला परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हजर झाली. एम. पी. नगरातल्या एका इमारतीत, खाली फोटोकॉपीची दुकानं आणि वर कोचिंग क्लास, अशा दोन गोंगाटांच्या मध्ये 'पथिक' कंपनीचं ऑफिस होतं. माणसं मोजकीच. मालक शैलेंद्र. वैजयंतीकडे चॅनेलं सांभाळायचं काम.

कंपनीचा धंदा सरळ होता. परदेशातल्या कंपन्या इथल्या लोकांकडून बारीकसारीक कामं करून घेत, त्यांचा मोबदला 'पथिक' इकडे पोचवत असे. मोबदला इतका किरकोळ आणि दिवसातून इतक्या वेळा यायचा, की बँकेतून पाठवला तर पाठवणावळच त्याहून जास्त व्हायची. म्हणून तो बिटकॉइनमध्ये यायचा, आणि तोही मुख्य साखळीवर, म्हणजे सगळ्या जगाला दिसणाऱ्या नोंदवहीत, न जाता बाजूच्या चॅनेलांमधून. कुणाच्या बाजूला पैसा साठत चाललाय, कुठली वाट कोरडी पडलीय, कुठे भर घालायची, हे सगळं वैजयंती बघायची.

हे काम नेमकं काय, असं तिच्या नवऱ्यानं, समीरनं, लग्नानंतर लगेचच विचारलं होतं. तो सचिवालयात नोकरीला. ती त्याला म्हणाली होती, "असं समज, दोघांनी मिळून एक लॉकर घेतलाय. दोघांच्या दोन किल्ल्या. आतल्या पैशात कुणाचे किती, याची वाटणी दोघं सही करून ठेवतात. एकानं दुसऱ्याला काही दिलं की नवी वाटणी, नव्या सह्या, आणि आधीची वाटणी रद्द. दिवसातून कितीदाही वाटणी बदलो, बाहेर कुणाला सांगायला जायचं नाही. लॉकर कायमचा बंद करायचा त्या दिवशी तेवढी शेवटची वाटणी जगापुढे मांडायची."

"आणि एखाद्यानं रद्द झालेलीच पुढे केली तर?"

"तर समोरच्याला हरकत घ्यायला मुदत असते. हरकत घेतली की लबाडी करणाऱ्याचा आतला सगळाच पैसा समोरच्याचा. दंड म्हणून. त्यामुळे सहसा कुणी धजत नाही."

"आणि मुदतीत हरकत घेतलीच नाही तर?"

"त्याचं मशीन आपोआप घेतं रे. फक्त ते चालू हवं."

त्या सकाळी चहाचा पहिला घोट घेता घेता वैजयंतीनं स्क्रीनवर नजर टाकली आणि कप तसाच हातात राहिला. अयोध्या नगरचं, सुमित्राताईंबरोबरचं चॅनेल बंद झालेलं होतं. दोघांच्या संमतीनं नव्हे, तर एकतर्फी, कंपनीच्या बाजूनं. आणि साखळीवर जी वाटणी मांडली गेली होती, तिच्यात जवळजवळ सगळा पैसा कंपनीचा दाखवलेला होता.

हे शक्यच नव्हतं. नागपूरला निघायच्या आधी तिनंच सुमित्राताईंना फोन केला होता. "ताई, तुमची बाजू भरत आलीय. आता आमच्याकडून पुढे पाठवायला जागाच उरली नाही. थोडे काढून घेता का?" त्यावर ताई म्हणाल्या होत्या, "अगं, ह्यांचं बायपास ठरलंय. ते होऊन जाऊ दे, मग बघते." म्हणजे जवळजवळ सगळा पैसा ताईंच्या बाजूला होता. साखळीवर मांडलेली वाटणी होती ती चॅनेल नवीन उघडलं तेव्हाची, केव्हाच रद्द झालेली.

सुमित्राताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जयंतराव मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते. तेही निवृत्त. अयोध्या नगरात त्यांचं घर. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून ताईंनी आसपासच्या आणि शहराबाहेरच्या मंडीदीपच्या बायका गोळा करून आवाजाचं काम सुरू केलं होतं. परदेशी कंपनी मराठी-हिंदी बोलण्याचे तुकडे पाठवायची आणि बायकांनी ते कानाला यंत्र लावून ऐकायचे, जसंच्या तसं लिहून द्यायचे. एकेका तुकड्याचे दोन-चार रुपये. मंडीदीपची भाग्यश्री मूल झोपलं की बसायची. सोनल शिवणकाम संपलं की बसायची. सगळ्यांचा पैसा ताईंच्या घरातल्या एका लहानशा मशीनवर जमा व्हायचा. मुख्य साखळीवरून काढून घ्यायला दर खेपेस शुल्क पडतं, म्हणून वर्षातून एकदाच काढायचा आणि वाटून घ्यायचा, असं ठरलेलं. हा सल्लाही शैलेंद्रनंच दिलेला. "इथेच राहू द्या ताई, बँकेपेक्षा सेफ आहे."

वैजयंती उठून त्याच्या केबिनमध्ये गेली. "सर, अयोध्या नगरचं चॅनेल..."

"हां, दार लाव जरा." शैलेंद्रनं लॅपटॉप मिटला. माणूस बोलायला गोड. घराणं अमरावतीकडचं, पण जन्म भोपाळचा. बोलण्यात निम्मं हिंदी. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या लावण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळीकडे पुढे. "ते मीच बंद केलंय."

"पण वाटणी जुनी लागलीय."

"माहितीये."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माहितीये म्हणजे?"

"हे बघ वैजयंती, यार, समजून घे. दोन क्लायंटनी हात वर केलेत. या महिन्याचे पगार कुठून देऊ? तुझाही आलाच त्यात. ताईंचं मशीन कितीतरी दिवस बंद आहे, घराला कुलूप आहे. परवा दुपारी मुदत संपते. फिर बात खतम. कुणी विचारलंच तर बॅकअप जुना लागला, टेक्निकल मिस्टेक. सॉरी म्हणायचं. धंदा सावरला की मी हळूहळू देऊन टाकीन त्यांना, माझा शब्द आहे."

"सर, ते पैसे भाग्यश्रीचे आहेत. सोनलचे आहेत. बायकांनी रात्रंदिवस कान फोडून..."

"मग मी काय चैन करणारे त्यावर? तू इमोशनल होऊ नको. आणि हे बघ, ताईंना आत्ता काही सांगायची गरज नाही. नवरा आयसीयूत आहे, त्यांना कशाला टेन्शन?"

ताईंना टेन्शन नको!  चोरी केली ती केली, वर काळजीचा हा आव!  वैजयंती बाहेर आली, पर्स उचलली आणि जिना उतरून स्कूटरपाशी गेली. ताईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिनं हेल्मेट चढवलं आणि साकेत नगरच्या हॉस्पिटलचा रस्ता धरला.

हॉस्पिटलच्या दारातला गार्ड आत सोडेना. "पास दिखाइए मॅडम, मिलने का टाइम चार बजे है." वैजयंतीनं समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. शेवटी तिनं एका वॉर्डबॉयच्या हाती निरोप पाठवला आणि बऱ्याच वेळानं सुमित्राताई स्वतःच बाहेर आल्या. चुरगळलेली साडी, पायांत स्लिपर, फोन पर्समध्ये कुठेतरी तळाशी.

"तू गं? बारशाहून कधी आलीस? ह्यांना कालच वॉर्डात हलवलं. स्वरदा बसलीय आत." स्वरदा ही त्यांची मुलगी, हैदराबादहून आलेली. मायलेकींनी हॉस्पिटलजवळच एक खोली घेतली होती. अयोध्या नगरहून रोज ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं.

वैजयंतीनं त्यांना झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "परत सांग." तिनं परत सांगितलं.

"आणि हे तू मला कंपनीची माणूस म्हणून सांगायला आलीस?" त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "तुमच्याच कंपनीनं केलं ना हे?"

"कंपनीनं नाही ताई, शैलेंद्रनं. आणि मी त्याची माणूस म्हणून आलेले नाही."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग एकदम काहीतरी ध्यानात आल्यासारख्या म्हणाल्या, "तो इथे आला होता."

"कोण?"

"शैलेंद्र. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. शहाळी घेऊन आला. ह्यांचा हात हातात घेऊन बसला. मला म्हणाला, 'घरी कोण आहे ताई? काही लागलं तर सांगा.' मी म्हटलं, घर बंद आहे, मेन स्विचच पाडून आलेय, शॉर्टसर्किटची भीती वाटते म्हणून. तर म्हणतो, 'मग मशीन?' मी म्हटलं, तेही बंदच. 'काळजी करू नका,' म्हणाला, 'आमचं लक्ष आहे.'"

 वैजयंतीला त्या शहाळ्यांची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. धंद्यात खोट येते, माणूस घाबरतो, भलतंसलतं करून बसतो, इथवर कदाचित ती समजू शकली असती. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात धरून, बायकोकडून घराच्या कुलपाची खात्री करून घ्यायची?

"चल," सुमित्राताई उठल्या. "स्वरदाला सांगून येते."

त्या स्कूटरवर मागे बसल्या.  वाटेत कारखान्याची वसाहत लागली तेव्हा तिच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "डावीकडून घे, समोर खोदकाम चालू आहे."

घर उघडलं. मेन स्विच वर केला तसा पंखा फिरू लागला आणि फ्रिजनं घुर्र केलं. देवघराशेजारच्या फळीवर ते मशीन होतं, पुठ्ठ्याच्या डब्याएवढं. त्याचा दिवा लागला, पण इंटरनेट लागेना. रिचार्ज संपला होता. ताईंनी आपल्या मोबाइलवरून जोडणी दिली, चष्मा लावून पासवर्ड टाकला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला.

"आता?"

"आता ते मधल्या सगळ्या दिवसांचं वाचून काढेल. बंद होतं तेव्हा साखळीवर काय काय घडलं, सगळं. त्याला वेळ लागतो. वाचता वाचता ती जुनी वाटणी सापडली की स्वतःच हरकत घेईल."

"आपण काही करायचं नाही?"

"वीज जाऊ नये एवढी प्रार्थना."

ताईंनी फ्रिज उघडला आणि घरभर घाण वास सुटला. सडलेली कोथिंबीर, फाटलेलं दूध, बुरशी धरलेली भेंडी. त्यांनी पदर खोचला आणि एकेक भांडं दणादण सिंकमध्ये आपटायला सुरुवात केली. "पस्तीस वर्षं शिकवलं मी. कॉपी करणारी पोरं पाहिली. पेपर फोडणारे पाहिले. एकही पोरगं असं नव्हतं, की ज्याची कॉपी करायची त्याच्या घरी आजार आहे का ते आधी बघून येईल!" भांडी आपटली जात होती, आणि वैजयंतीला त्या आवाजानं बरं वाटत होतं.

इतक्यात तिचा फोन वाजला. शैलेंद्र. तिनं वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"कुठे आहेस? लंचला गेलीस का?"

"अयोध्या नगरला आहे."

 पलीकडचा आवाज बदलला. "वैजयंती, ऐक माझं. मशीन चालू केलंस? बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर. तुला कळतंय का, दंड लागला तर त्यात आपला होता नव्हता तो पैसाही जाईल? कंपनीत राहून कंपनीच्या मुळावर उठतेस? उद्या तुला भोपाळात कुणी नोकरी देणार नाही, मैं बता रहा हूँ!"

ताई ओल्या हातांनी पुढे आल्या. त्यांनी फोन तिच्या हातातून घेतला.

"शैलेंद्र, मी सुमित्रा बोलतेय. शहाळी गोड होती हो." आणि त्यांनी फोन बंद केला.

मग दोघी मशीनसमोर खुर्च्या टाकून बसून राहिल्या. पडद्यावरचे आकडे सरकत होते. उन्हं खिडकीतून हलून भिंतीवर गेली. ताईंनी बिनदुधाचा चहा केला. तो पिऊन झाला आणि मग एका ओळीनं पडद्यावरचा रंग बदलला. वैजयंती खुर्चीतून उठली.

"सापडली! ताई, सापडली! हरकत लावली त्यानं."

"म्हणजे झालं?"

"साखळीनं मान्य करायचंय अजून. थोडं थांबू."

साखळीनं मान्य केलं तेव्हा ताईंच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सगळेच्या सगळे माझ्याकडे आले?"

"सगळे. नियमच तसा आहे."

"त्यात त्याचे किती होते? खरे, हक्काचे?"

"थोडेच. बायकांच्या पैशाच्या मानानं काहीच नाही. पण आता तेही तुमचे."

"ते बाजूला ठेव," ताई म्हणाल्या. "बायकांचे बायकांना जातील. त्याचे त्यानं घरी यावं, भाग्यश्री आणि सोनल आणि बाकीच्या बायका समोर बसतील, त्यांच्या तोंडाकडे बघून आपण काय केलं ते सांगावं, आणि घेऊन जावेत. मला नकोत."

"ताई, एक पै देऊ नका त्याला!" वैजयंती जवळजवळ ओरडलीच. "दंड आहे तो! त्यानं पकडलं जाण्याचा धोका पत्करला होता ना?"

"दंड मशीननं केला. मी काय करायचं ते मी ठरवीन." 

दुसऱ्या दिवशी वैजयंती ऑफिसला गेली तर तिचा पासवर्ड चालेना. टेबलावरची तिची तुळशीची कुंडी आणि डबा एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेले. मागचा पगारही थांबवला. पोलिसांत जायची भाषा शैलेंद्रनं एकदा केली, पण गेला नाही. तिथे गेला असता तर आधी स्वतः काय केलं ते सांगावं लागलं असतं. तो दुसरीकडे गेला. घरोघरी, मंडळात, लग्नाच्या पंगतीत तो एकच सांगू लागला: आमच्या कंपनीचा लॉकर सुमित्राताईंनी साफ केला. आतली मुलगी फोडली. चूक झाली होती आमच्याकडून, बॅकअप जुना लागला, माणसाकडून चूक होत नाही का? पण त्या चुकीचा फायदा घेऊन सगळाच्या सगळा पैसा घशात घातला. आपल्याच माणसांनी.

लोकांना लॉकर कळत होता, 'सगळा पैसा' कळत होता. त्यातला बहुतेक पैसा मुळात ताईंच्या बायकांचाच होता, हे कळून घ्यायला कुणाला सवड नव्हती. बाजारात ओळखीच्या बायका वैजयंतीला बघून दुसरीकडे बघू लागल्या. भाग्यश्रीला तर तिच्या सासूनं विचारलं, "कसला पैसा आणलास गं घरात? चोरीचा नाही ना?" भाग्यश्रीनं हे रडत रडत फोनवर सांगितलं तेव्हा वैजयंतीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. स्वतःचं मूल मांडीवर घेऊन रात्ररात्र कमावलेल्या पैशाबद्दल त्या पोरीला खुलासे द्यावे लागत होते, आणि ज्यानं तो लाटायचा घाट घातला तो पंगतीत जिलबी वाढत होता.

घरीही तेच. समीर वाईट माणूस नव्हता. पण सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसासारखा त्याला प्रत्येक गोष्टीत मधला रस्ता दिसायचा. "तू ताईंना नुसता फोन करून सांगायचंस. स्वतः कशाला जायचं? आता त्याचंही नुकसान झालं, तुझीही नोकरी गेली. दोघांनी थोडं थोडं समजून घेतलं असतं तर..."

"काय समजून घ्यायचं होतं मी? सांग ना. नेमकं काय?"

 समीर वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत गेला.

शेवटी मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव यांनी पुढाकार घेतला. मूळचे नागपूरचे, राज्य सरकारच्या नोकरीतले, सगळ्यांना घरच्या वडीलधाऱ्यासारखे. त्यांनी मंडळाच्या सभागृहात एका रविवारी सकाळी दोन्ही पक्षांना बोलावलं. बाकीची पाच-पंचवीस माणसंही आलीच. जयंतरावांना घरी आणलं होतं, त्यांच्यापाशी स्वरदा होती, म्हणून ताई येऊ शकल्या. भाग्यश्री मंडीदीपहून बसनं आली होती, मूल कडेवर.

नीळकंठराव म्हणाले, "हे बघा, आपण परक्या मुलखात राहतो. चार माणसं आहोत आपली. आपल्याच्यात असं बरं दिसत नाही. शैलेंद्रकडून चूक झाली, तो कबूल करतोय. सुमित्राबाई, तुमच्याकडूनही जरा घाई झाली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकलं. तेव्हा अर्धं अर्धं करून विषय संपवावा, असं मला वाटतं."

सभागृहात माना हलल्या. अर्धं अर्धं!  चोराचं अर्धं आणि घरधन्याचं अर्धं? हा कुठला न्याय? वैजयंती उठणार एवढ्यात ताईंनी तिचा हात दाबून खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. वर्गात फळ्याकडे जाताना उभ्या राहत असतील तशा.

"शैलेंद्र, मला एकच शंका आहे. तू म्हणतोस बॅकअप जुना लागला. तुमच्या कंपनीची अशी चॅनेलं किती?"

"असतील चाळीसेक. पण ताई, हे टेक्निकल आहे, तुम्हाला..."

"समजेल असं बोलूया आपण. बॅकअप एकेका चॅनेलचा वेगळा असतो, की सगळ्यांचा एक?"

शैलेंद्रनं खांदे उडवले. वैजयंती बसल्या जागेवरून म्हणाली, "एकच असतो. आणि तो जुना लागला तर सगळ्यांचीच जुनी वाटणी निघायला हवी."

"मग बाकीच्या चॅनेलांना काही झालं का?" ताईंनी विचारलं.

शैलेंद्र मनगटावरचं घड्याळ फिरवू लागला.

"चाळिसांतलं एकच चुकलं. आणि ते नेमकं तेच, ज्याचं मशीन बंद आहे हे तू माझ्याकडून हॉस्पिटलात विचारून गेला होतास. ही चूक तुझ्याकडून कशी झाली, एवढं या सगळ्यांना सांग. मग अर्धं काय, मी पाऊण देते."

शैलेंद्र हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. मग त्यानं घड्याळात पाहिलं, "मला एक मीटिंग आहे, आप लोग देख लीजिए," असं काहीतरी नीळकंठरावांना म्हणाला आणि निघाला. दारात भाग्यश्री उभी होती. ती बाजूला झाली नाही. त्याला अंग चोरून तिच्या शेजारून जावं लागलं.

तो गेल्यावर सभागृहात जी कुजबुज सुरू झाली तीसुद्धा वैजयंतीला सहन होईना. "बरं झालं बाई कळलं", "मला आधीच शंका होती" — अरे, आधीच शंका होती तर तोंडं का शिवली होती? नीळकंठराव खाली मान घालून बसले होते. जाताना त्यांनी सुमित्राताईंना हात जोडले. वैजयंतीशी मात्र ते काही बोलले नाहीत.

बायकांना त्यांचे पैसे वेळेवर मिळाले. भाग्यश्रीनं सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, म्हणजे आता मोबाइलच्या इवल्या पडद्यावर डोळे फोडायला नकोत. ताईंनी दुसऱ्या एका कंपनीशी नवं चॅनेल उघडलं, आणि मशीन घरी ठेवायचं सोडून स्वरदाकडे हैदराबादला ठेवलं, कारण तिच्या इमारतीत वीज जात नाही. शैलेंद्रचा हिस्सा त्यांच्याकडे तसाच वेगळा पडून आहे. तो न्यायला अजून आलेला नाही. 'पथिक' बंद झाली म्हणतात. इंदूरला त्यानं दुसऱ्या नावानं काहीतरी काढलंय असंही म्हणतात. वैजयंतीचा पगार बुडाला तो बुडालाच. तिला घरून करायचं काम मिळालं, आधीपेक्षा कमी पैशाचं, पण चॅनेलं सांभाळायचंच.

काही महिन्यांनी ती दहा नंबर मार्केटमध्ये भाजी घेत होती. मागून कुणीतरी हाक मारली. शैलेंद्र. अंगात नवा शर्ट, हातात आंब्यांची पेटी, चेहऱ्यावर तेच जुनं घरोब्याचं हसू.

"काय वैजयंती, कशी आहेस? समीर बरा आहे ना? जयंतकाका कसे आहेत आता? एकदा बघायला यायचंय मला." मग तो पुढे झुकून समजुतीच्या स्वरात म्हणाला, "अगं, इतके दिवस झाले. राग गेला की नाही अजून?"

भाजीवाला सुट्टे पैसे पुढे करत होता. तिनं ते घेतले, पर्समध्ये टाकले, पिशवी उचलली.

"नाही," ती म्हणाली. "आणि जाणारही नाही."

शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या तसा शैलेंद्र इकडेतिकडे पाहत आंब्यांची पेटी सावरू लागला. वैजयंती टोमॅटोच्या गाडीकडे वळली आणि भाव विचारू लागली.